प्रदूषित खनिज धूळ प्रकाश कसा विखुरते आणि कसा शोषते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळवंटी धुळीचे कण गोल धरून आपण गणित केले आणि ५५० नॅनोमीटर तरंगलांबीला एकल प्रकीर्णन अल्बेडो ०.९७ आला. धुळीचा लोट औद्योगिक पट्ट्यावरून वाहत आला त्या दिवशी मात्र सूर्यप्रकाशमापकाच्या नोंदींतून हीच राशी ०.९० च्या आसपास निघाली, आणि तरंगलांबीनुसार काढलेला तिचा आलेख ६७५ नॅनोमीटरला उंचावून दोन्ही टोकांना खाली वाकलेला दिसला. धुळीच्या कणांवर काजळीचा लेप बसून ते काळे झाले असे समजावे का, आणि तसा लेप गणितात कसा घ्यावा, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की लेप समजू नये, निदान पहिला तर्क म्हणून नक्कीच नाही. प्रदूषणाने धुळीचे प्रकाशीय वर्तन बदलते, पण बहुतेक वेळा ते धुळीचा कण काळवंडून नव्हे, तर धुळीच्या शेजारून, स्वतंत्र सूक्ष्म कणांच्या रूपाने प्रवास करून. कणांवर खरोखर जे लेप बसतात ते सहसा काजळीचे नसून नायट्रेटचे आणि सल्फेटचे असतात, आणि ते शोषण जवळजवळ वाढवतच नाहीत. ते कणाचा आकार आणि त्याची पाण्याची ओढ बदलतात. या दोन गोष्टींची गल्लत झाली की गणित जुळते आणि अर्थ चुकतो.

एकल प्रकीर्णन अल्बेडो म्हणजे कणांमुळे मूळ दिशेतून काढून घेतल्या गेलेल्या प्रकाशापैकी विखुरला गेलेला हिस्सा. उरलेला हिस्सा शोषला जातो आणि त्याची उष्णता होते. विखुरणे व शोषणे मिळून जी घट होते तिला मी पुढे क्षीणन म्हणेन.

आधी निर्भेळ धूळ पाहू. सहारा, चाडमधील बोडेले खोलगट प्रदेश, अरबस्तान, तकलामकान, गोबी, थर अशा प्रदेशांतून उठणारी धूळ हे एकच द्रव्य नसते. तिच्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार, इलाइट व केओलिनाइटसारखी चिकणमातीची खनिजे, कॅल्साइट (चुनखडीचे खनिज), जिप्सम आणि अगदी थोड्या प्रमाणात लोहाची ऑक्साइडे असतात. यांतील बहुतेक खनिजे दृश्य प्रकाशाला पारदर्शकच म्हणावीत अशी आहेत. धुळीचा पिवळसर-तांबूस रंग आणि तिचे जवळजवळ सगळे दृश्य शोषण हेमॅटाइट व गोएथाइट या दोन लोहखनिजांचे असते, आणि ती वजनाने काही टक्केच असतात. दोन्ही खनिजे तांबड्या प्रकाशाला मोकळी वाट देतात. सुमारे ६०० नॅनोमीटरखाली हेमॅटाइटचे शोषण एकदम वाढते, गोएथाइट मुख्यतः निळ्या बाजूला शोषते. म्हणून ज्या धुळीत लोह जास्त तिचा अल्बेडो निळ्या प्रकाशात कमी आणि तांबड्यात एकच्या जवळ असतो. हा चढता आलेख म्हणजे निर्भेळ धुळीची ओळखच म्हणावी.

संमिश्र अपवर्तनांकाचा वास्तव भाग, म्हणजे प्रकाश कणात किती वाकतो हे सांगणारा, दृश्य प्रकाशात १.५३ च्या आसपास धरतात, त्याबद्दल फारसा वाद नाही. वाद कल्पित भागाचा आहे, कारण शोषण त्यावर ठरते. जुन्या प्रतिमानांत तो ५५० नॅनोमीटरला ०.००५ ते ०.००८ असा मोठा घेत. अलीकडची मोजमापे त्याला ०.००१ ते ०.००५ या पट्ट्यात ठेवतात, आणि तो धुळीच्या उगमस्थानाप्रमाणे बदलतो. आपण ०.००२ घेतला आहे, तो योग्य आहे.

आता हाच आकडा घेऊन एक छोटे गणित करू, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. मोठ्या कणाचे क्षीणन त्याच्या सावलीच्या क्षेत्रफळाच्या साधारण दुप्पट असते. दोन मायक्रोमीटर व्यासाच्या कणासाठी हा गुणक २.२ धरला आणि घनता २.६ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर घेतली, तर एक ग्रॅम धूळ सुमारे ०.६ चौरस मीटर इतका प्रकाश अडवते. व्यास दहा मायक्रोमीटर असेल तर हाच आकडा ०.१२ वर येतो, कारण तेवढेच वजन कमी पृष्ठभागात सामावते. शोषणाचे उलट आहे. दुबळ्या शोषक द्रव्यात शोषण कणातून प्रकाशाने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढते. दोन मायक्रोमीटरच्या कणात ०.००२ या कल्पित भागाने अडवलेल्या प्रकाशाचे सुमारे तीन टक्के शोषण होते, म्हणजे आपला ०.९७, तर दहा मायक्रोमीटरच्या कणात त्याच द्रव्याचे शोषण पंधरा टक्क्यांच्या घरात जाते. द्रव्य तेच, अल्बेडो मात्र ०.९७ ऐवजी ०.८५.

हे लक्षात ठेवणे फार महत्त्वाचे आहे. धूळ उगमापासून दूर जाते तसे मोठे कण खाली बसतात आणि त्यामुळे अल्बेडो वाढतो. त्याच वाटेत काजळी मिसळते आणि तो घटतो. दोन्ही बदल एकाच प्रवासात, विरुद्ध दिशांनी होतात. दूरच्या ठिकाणी अल्बेडो उगमाइतकाच मिळाला म्हणून धूळ स्वच्छ राहिली, असा निष्कर्ष मी अहवालांतून अनेकदा वाचला आहे. तो कणांचे आकारमान पाहिल्याशिवाय काढता येत नाही.

काजळीचे जग अगदी वेगळे आहे. तिचे मूळ गोलक काही दशक नॅनोमीटरांचे, द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना चिकटलेले असतात. तिच्या अपवर्तनांकाचा कल्पित भाग ०.७ ते ०.८, म्हणजे धुळीच्या काहीशे पट. ताज्या काजळीचा एक ग्रॅम ५५० नॅनोमीटरला सुमारे ७.५ चौरस मीटर इतका प्रकाश शोषतो आणि त्याच्या साधारण एक तृतीयांश विखुरतो. आपल्या धुळीचा एक ग्रॅम मात्र शोषतो ०.०१८ चौरस मीटर. दोहोंतील अंतर चारशे पटींचे आहे.

आता शंभर ग्रॅम मिश्रण घ्या, त्यात नव्वद ग्रॅम धूळ, एक ग्रॅम काजळी आणि नऊ ग्रॅम सल्फेट, नायट्रेट व सेंद्रिय द्रव्याचे सूक्ष्म कण. काजळी हवेत एकटी कधीच येत नाही, म्हणून हे शेवटचे नऊ ग्रॅम विसरू नयेत. त्यांचे प्रकीर्णन कोरड्या अवस्थेत सुमारे ३ चौरस मीटर प्रति ग्रॅम धरू. धुळीचे प्रकीर्णन ५२ चौरस मीटर, शोषण १.६. काजळीचे प्रकीर्णन २.५, शोषण ७.५. सूक्ष्म कणांचे प्रकीर्णन २७, शोषण नगण्य. बेरीज केली तर प्रकीर्णन ८२ च्या जवळ, शोषण ९.१, आणि अल्बेडो ०.९०. आपल्याला मिळालेला आकडा हाच आहे, आणि यात एकाही धुळीच्या कणावर काजळीचा कण चिकटवावा लागलेला नाही. वजनाने दहावा हिस्सा असलेले प्रदूषण या मिश्रणात क्षीणनाचा सुमारे दोन पंचमांश आणि शोषणाचा चार पंचमांशांहून अधिक भाग पेलते. नऊ ग्रॅम सूक्ष्म कण वगळून फक्त एक टक्का काजळी मिसळली असती, तर अल्बेडो ०.८७ पर्यंत उतरला असता; म्हणजे प्रदूषणाचा विखुरणारा भाग त्याच्याच शोषक भागाची काही भरपाई करतो.

धुळीवर काजळी बसतच नाही का? बसते, पण सावकाश. हवेत तरंगणाऱ्या ०.१ मायक्रोमीटरच्या कणाला दोन मायक्रोमीटरचा कण नुसत्या आकस्मिक टकरींतून गाठायला वेळ लागतो: दर घन सेंटीमीटरमध्ये दहा धूलिकण असे बऱ्यापैकी दाट प्रमाण धरले, तरी हा काळ काही महिन्यांचा निघतो, आणि तोपर्यंत दोन्ही कण बहुधा पावसाने खाली आलेले असतात. अत्यंत दाट वादळात किंवा शहरातल्या धुराच्या तोंडाशी ही क्रिया वेगाने होते. त्याहून परिणामकारक वाट ढगांची आहे. थेंबात दोन्ही कण अडकले आणि थेंब पाऊस न होता सुकला, तर मागे जोडकण उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली असे जोडकण दिसतात आणि त्यांची चित्रे लक्षवेधी असल्यामुळे ती लेखांत वारंवार छापली जातात. वाचकाच्या मनातील काळ्या धुळीची प्रतिमा बहुधा तिथूनच आलेली असावी. पण २००१ च्या वसंतात पूर्व आशियातील धुळीवर झालेल्या ‘एस-एशिया’ मोहिमेत विमानांतून मोजणी झाली, तेव्हा काजळीचा बहुतांश भाग एक मायक्रोमीटरहून लहान कणांतच आढळला.

आणि समजा, काजळी चिकटलीच, तरी प्रकाशाच्या हिशेबात फरक थोडा पडतो. मोठ्या धूलिकणाच्या पृष्ठभागावर विखुरलेले काजळीचे ठिपके साधारणपणे स्वतंत्र असताना शोषतात तेवढेच शोषतात. कणाच्या प्रकाशाकडच्या बाजूला आणि पलीकडे, जिथे प्रकाश एकवटतो तिथे, थोडी वाढ होते, सावलीत थोडी घट. खरा धोका गणितात आहे. अनेक संगणकीय प्रतिमाने धूळ व काजळी यांच्या अपवर्तनांकांची घनफळानुसार सरासरी काढतात, म्हणजे काजळी धुळीच्या कणभर शाईसारखी विरघळली असे मानतात. असे केल्याने शोषण वाजवीपेक्षा बरेच जास्त निघते, कारण कणाच्या पोटातून जाणारा प्रत्येक किरण रंगीत द्रव्यातून जातो. मिश्रणाचे नियमच वापरायचे असतील तर मॅक्सवेल गार्नेट यांचा १९०४ चा किंवा ब्रुगमन यांचा १९३५ चा नियम निदान काही भौतिक आधार देतो, पण तोही एका द्रव्यात दुसऱ्याचे अतिसूक्ष्म कण पसरलेले आहेत या कल्पनेवर उभा आहे. लोहखनिजांचे बारीक कण चिकणमातीत रुतलेले असतात तिथे तो शोभतो, पृष्ठभागावरच्या काजळीला नव्हे.

लेपाचा शोषणावर जो परिणाम गाजला आहे तो धुळीचा नसून काजळीचा आहे. काजळीच्या कणावर सल्फेटचे किंवा सेंद्रिय द्रव्याचे पारदर्शक कवच चढले की ते भिंगासारखे काम करते आणि काजळीपर्यंत जास्त प्रकाश पोहोचवते. सैद्धांतिक गणितात ही वाढ दीड ते दोन पट निघते. कॅलिफोर्नियात २०१० साली प्रत्यक्ष हवेत मोजली तेव्हा ती सुमारे सहा टक्केच आढळली, इतरत्र याहून मोठ्या वाढीही नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या गणितात मी ती धरलेली नाही. धरायची झाली तर ७.५ ऐवजी ९ किंवा १० घेऊन पाहावे, अल्बेडो ०.८८ च्या आसपास सरकेल, चित्र बदलणार नाही.

आता खऱ्या लेपांकडे येऊ, कारण रसायन इथेच आहे. वायूरूप नायट्रिक आम्लाला धुळीच्या पृष्ठभागावर पोहोचायला काजळीसारखा वेळ लागत नाही. वायूचे रेणू झपाट्याने पसरतात आणि काही तासांत ते एक-दोन दिवसांत क्रिया घडून येते. ते कॅल्साइटला भेटले की कॅल्शियम नायट्रेट बनते, कार्बन डायऑक्साइड व पाणी बाहेर पडते. कॅल्शियम नायट्रेट कमालीचे आर्द्रताशोषी आहे. मिठाला पाणी सुटायला सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्के लागते, पण या लवणाच्या सूक्ष्म कणांना वीस टक्क्यांहूनही कमी आर्द्रतेत पाणी सुटते. म्हणजे व्यवहारात जवळजवळ कुठल्याही हवेत, चुनखडीचा जो कण कोपरे-कंगोरे घेऊन निघाला होता तो वाटेत द्रवाचा गोल थेंब होतो. पूर्व आशियातल्या कॅल्शियमसमृद्ध धुळीत असे गोल झालेले मोठे कण प्रत्यक्ष मोजले गेले आहेत.

सगळ्या धुळीचे असे होत नाही. क्वार्ट्झ व चिकणमातीचे कण नायट्रिक आम्लाला फारशी दाद देत नाहीत. सल्फर डायऑक्साइडने चुनखडीवर क्रिया केली तर जिप्सम होते, आणि जिप्समला पाण्याची ओढ जवळजवळ नाही. तो कण कोरडा आणि ओबडधोबडच राहतो. म्हणून ‘आम्लाचा लेप बसला’ एवढे म्हणणे अपुरे आहे. कोणत्या खनिजावर कोणते आम्ल, हे सांगितल्याशिवाय प्रकाशीय परिणामाची दिशासुद्धा ठरत नाही.

पाणी घेतलेल्या कणाचे काय होते? पाण्याचा अपवर्तनांक १.३३, शोषण दृश्य प्रकाशात नगण्य. कण फुगतो, सावली वाढते, अपवर्तनांक खाली येतो. एकूण क्षीणन वाढते आणि अल्बेडो किंचित वर जातो. काजळीच्या उलट दिशेने. आणखी एक परिणाम आहे, त्याची चर्चा होते त्यापेक्षा जास्त व्हायला हवी असे मला वाटते. धूळ नसती तर हेच नायट्रिक आम्ल अमोनियाबरोबर अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण बनवून दर ग्रॅमला ३ चौरस मीटर इतका प्रकाश विखुरत बसले असते. धुळीने ते गिळून मोठ्या कणांवर नेले की त्याच वजनाचे प्रकीर्णन कित्येक पटींनी घटते. धुळीचा लोट आला असताना नायट्रेटपासून होणारे धुरकट आवरण काहीसे विरळ होऊ शकते, ते यामुळे.

आपल्या आलेखाचा आकार आता उलगडता येतो. निर्भेळ धुळीचा अल्बेडो ४४० ते १०२० नॅनोमीटर या पट्ट्यात चढत जातो. त्यात फक्त काजळी मिसळली असती तर संपूर्ण आलेख खाली सरकला असता, पण चढताच राहिला असता, कारण काजळीचे शोषणही तरंगलांबी वाढते तसे घटते, साधारण तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात. लांब तरंगलांबीचे टोक वाकते ते काजळीच्या सोबत्यांमुळे. सल्फेट-नायट्रेटचे सूक्ष्म कण ४४० ला जोरात विखुरतात आणि १०२० ला फारच कमी. त्यामुळे लांब तरंगलांबीच्या टोकाला त्यांच्या प्रकीर्णनाचा आधार निघून जातो आणि काजळीचे शोषण उघडे पडते. निळ्या टोकाला लोहखनिजे आणि बऱ्याचदा तपकिरी सेंद्रिय द्रव्य आपले शोषण जोडतात. मधे, ६७५ च्या आसपास, दोन्हीही जोरात नसतात, आणि तिथे उंचवटा उरतो. असा आलेख मिश्रणाची चांगली खूण आहे. उत्तर भारताच्या गंगेच्या मैदानात मॉन्सूनपूर्व महिन्यांत आणि उत्तर चीनमध्ये वसंतात ही खूण अपेक्षित धरावी, कारण दोन्हीकडे धुळीचा हंगाम धुराच्या प्रदेशावरून जातो. तरीही एक सावधगिरी बाळगा. प्रकाशमापकाच्या उलट गणितातून, म्हणजे मोजलेल्या प्रकाशावरून कणांचे गुणधर्म काढण्यातून, येणाऱ्या अल्बेडोची अनिश्चितता, ४४० ला प्रकाशीय जाडी (हवेच्या उभ्या स्तंभातले एकूण क्षीणन) ०.४ हून अधिक असली तरी, सुमारे ०.०३ आहे. आपला उंचवटा ०.०२ चा असेल तर एका दिवसाच्या एका नोंदीवर विसंबू नका. दिवसभराच्या सगळ्या नोंदींत तो त्याच जागी येतो का ते पाहा.

याच गणिताविषयी आणखी एक गोष्ट. सूर्यप्रकाशमापकांच्या ‘एरोनेट’ या जाळ्याचे नेहमीचे उलट गणित सूक्ष्म व मोठ्या दोन्ही कणांना एकच संमिश्र अपवर्तनांक देते. निर्भेळ धुळीत हे चालते. प्रदूषित धुळीत, जिथे लहान कण काळे आणि मोठे कण उजळ आहेत, तिथे मिळालेला कल्पित भाग कोणत्याही खऱ्या कणाचा नसतो. तो एक तडजोडीचा आकडा असतो. त्यावरून ‘धुळीतले लोह वाढले’ असा अर्थ काढणारे लेखन मी पाहिले आहे आणि ते मला मान्य नाही.

शोषण तरंगलांबीनुसार किती वेगाने घटते याचा घातांक काजळीसाठी एकच्या जवळ, धुळीसाठी बहुधा दोन ते तीन असतो, आणि त्यावरून दोघांचे शोषण वेगळे काढण्याची पद्धत रूढ आहे. पण लाकूड व शेतातला काडीकचरा जळताना निघणारे तपकिरी सेंद्रिय द्रव्यही असाच मोठा घातांक दाखवते. म्हणून या घातांकाच्या जोडीला क्षीणनाचा घातांक, म्हणजे कणांच्या आकाराची खूण, नेहमी पाहावी: धुळीत तो ०.५ हून कमी, सूक्ष्म धुरात एकच्या वर असतो.

कणांच्या रूपाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आपले गणित गोलांचे आहे. गुस्ताव मी यांनी १९०८ साली मांडलेला सिद्धांत (आडनावच ‘मी’ असल्याने मराठीत तो लिहिताना जरा गंमत होते) गोलांसाठी अचूक आहे. धूलिकण गोल नसतात. एकूण क्षीणन आणि अल्बेडो यांत या चुकीने फारसे बिघडत नाही, म्हणून आपला ०.९७ वापरण्याजोगा आहे. बिघडते ते दिशांचे वाटप: खरी धूळ बाजूला, १२० अंशांच्या आसपास, गोलांपेक्षा जास्त विखुरते आणि नेमकी मागे, १८० अंशांना, कमी. उपग्रह आणि लिडार (लेसरचा झोत सोडून परतलेला प्रकाश मोजणारे उपकरण) नेमक्या याच कोनांतून पाहतात, त्यामुळे त्यांच्यासाठी लंबगोलांची प्रतिमाने वापरणे भाग पडते.

लिडारच्या दृष्टीने प्रदूषण म्हणजे मुख्यतः विध्रुवणातली घट. ध्रुवीकृत प्रकाशझोत ओबडधोबड कणांवरून परतला की त्याचे ध्रुवीकरण अंशतः मोडते. ५३२ नॅनोमीटरला निर्भेळ धुळीसाठी विध्रुवण गुणोत्तर, म्हणजे परतलेल्या प्रकाशातील ध्रुवीकरण बदललेल्या व न बदललेल्या भागांचे प्रमाण, सुमारे ०.३० ते ०.३५ असते, गोल सूक्ष्म कणांसाठी काही शतांश. २००६ ते २०२३ या काळात निरीक्षण करणाऱ्या ‘कॅलिप्सो’ उपग्रहाच्या वर्गवारीत अंदाजित गुणोत्तर ०.२० च्या वर असलेल्या थराला धूळ, आणि ०.०७५ ते ०.२० दरम्यानच्या थराला प्रदूषित धूळ म्हटले जाई. हे नाव फसवे आहे. ०.१५ हा आकडा अर्ध्या-मुर्ध्या मिसळलेल्या कोरड्या धुळीचा असू शकतो, आणि नायट्रेटने गोल झालेल्या धुळीचाही. लिडारला दोहोंतला फरक एका तरंगलांबीवर कळत नाही. समुद्रावर मिठाच्या ओल्या कणांबरोबर मिसळलेली स्वच्छ धूळसुद्धा आधी याच नावाखाली मोडत असे. ‘कॅलिप्सो’च्या आकडेवारीच्या चौथ्या आवृत्तीत तिच्यासाठी वेगळा वर्ग काढण्यात आला. त्याच आवृत्तीत निर्भेळ धुळीचे लिडार गुणोत्तर, म्हणजे क्षीणनाचे मागे परतणाऱ्या प्रकीर्णनाशी असलेले प्रमाण, ४० वरून ४४ स्टेरेडियनवर आणले गेले. एवढ्या बदलाने प्रकाशीय जाडी थेट बदलते, म्हणून वेगवेगळ्या आवृत्त्यांची आकडेवारी एकाच आलेखावर मांडू नये.

जमिनीवरील उपकरणांविषयी एक अनुभव सांगतो. एका मोजणी केंद्रात आम्ही संपूर्ण धुळीचा हंगाम नोंदवला आणि अल्बेडो सातत्याने संशयास्पद कमी येत राहिला. अखेर लक्षात आले की हवा आत घेणारी नळी एका ठिकाणी काटकोनात वळवलेली होती. मोठे कण तिथेच भिंतीवर आदळून थांबत आणि आत पोहोचे ती मुख्यतः काजळीयुक्त सूक्ष्म हवा. उपकरणे बिनचूक होती, नमुनाच धुळीचा उरलेला नव्हता. याच्या भरीला प्रकीर्णनमापकाला अगदी पुढच्या काही अंशांतला प्रकाश दिसत नाही, आणि मोठे कण नेमके तिथेच सर्वांत जास्त प्रकाश टाकतात. त्यामुळे धुळीचे प्रकीर्णन कमी भरते. गाळणीवर कण साचवून शोषण मोजणाऱ्या उपकरणांत उलट चूक होते: धुळीने मागे विखुरलेला प्रकाश शोषणाच्या खात्यात जमा होतो. तिन्ही चुका अल्बेडो खालीच ओढतात. जमिनीवरचा आकडा ०.८५ च्या खाली दिसला तर काजळी मोजण्याआधी मी नळी तपासतो.

०.९७ आणि ०.९० यांतील फरक हवामानाच्या हिशेबात किती मोठा आहे हे अल्बेडोपेक्षा त्याच्या उरलेल्या भागातून नीट कळते. आपल्या नोंदीतील प्रकाशीय जाडी ०.६ आहे, निर्भेळ धुळीत त्यातील शोषक भाग ०.०१८ असता, इथे तो ०.०६ आहे. थर तापण्याचा वेग सुमारे तिप्पट होतो. असा थर गडद दिसणाऱ्या समुद्रावर असेल तर तो तरीही अवकाशाकडे जास्त प्रकाश परत पाठवतो आणि पृथ्वी-वातावरण मिळून थंडच करतो. तोच थर उजळ वाळवंटावर, बर्फावर किंवा ढगांच्या वर आला की खालून परतणाऱ्या प्रकाशाला दुसऱ्यांदा गाठतो आणि परिणाम उलटून तापण्याकडे जातो. हिमालयाच्या दक्षिण उतारावर चढणारी धूळ व काजळी मॉन्सूनपूर्व हवा तापवून मॉन्सूनला वर ओढते, ही २००६ साली मांडलेली कल्पना याच शोषणावर उभी आहे. तिच्यावर बरेच आक्षेप घेतले गेले आहेत, आणि त्यांतला मोठा भाग शोषणाचे व थराच्या उंचीचे आकडे कोणते घ्यायचे यावर आहे.

एक भाग मात्र प्रदूषणाने जवळजवळ अबाधित राहतो. आठ ते बारा मायक्रोमीटरच्या अवरक्त पट्ट्यात धुळीतील सिलिकेट खनिजे जोरदार शोषतात. तिथे काजळीच्या आणि सल्फेटच्या सूक्ष्म कणांचा वाटा फार थोडा असतो, कारण त्या तरंगलांबीच्या मानाने ते क्षुल्लक आहेत. त्यामुळे ११ व १२ मायक्रोमीटर तरंगलांबींवर मोजलेल्या तापमानांतील ऋण फरकावरून उपग्रह धूळ ओळखतात, ती पद्धत धुरातही चालते. आपल्या दिवसाची धूळ खरोखर किती होती हे काजळीच्या भानगडीत न पडता ठरवायचे असेल, तर ही नोंद सर्वांत उपयोगाची ठरेल.

गणितात पुढे काय करावे, तर दोन स्वतंत्र कणसमूह घ्या. मोठ्या समूहाला लंबगोल रूप आणि ०.००२ च्या आसपासचा, निळ्याकडे वाढणारा कल्पित भाग द्या. सूक्ष्म समूहात काजळीचा गाभा व पारदर्शक कवच ठेवा आणि त्याचे वजन एकूण वजनाच्या पाच ते पंधरा टक्क्यांत बदलून पाहा. मापकाच्या चारही तरंगलांबींचा अल्बेडो आणि क्षीणनाचा घातांक एकाच वजनाने जुळले, तर लेपाचा प्रश्न तिथेच मिटतो. घातांक जुळूनही विध्रुवण अपेक्षेपेक्षा बरेच कमी राहिले, तर मोठ्या समूहातला एक हिस्सा गोल व ओला करा, आणि तो करण्याआधी धुळीच्या उगमाच्या मातीत चुनखडी पुरेशी आहे का ते पाहून घ्या.